ट्रेलरमधला झगझगीत उजेड सौम्य करायचाय? डिमर सगळ्यात शेवटी घ्या

आधी तुमच्या नेमक्या प्रश्नाचं उत्तर देतो. नाही, घरच्या भिंतीवरचा डिमर (उजेड कमी-जास्त करणारं बटण) काढून ट्रेलरमध्ये, म्हणजे गाडीमागे ओढायच्या फिरत्या घरात, बसवला तर चालणार नाही. आणि खास ट्रेलरसाठी मिळणारा डिमरसुद्धा मी तुम्हाला लगेच घ्यायला सांगणार नाही.

बाकीच्यांना संदर्भ लागावा म्हणून प्रश्न थोडक्यात सांगतो. प्रश्न विचारणाऱ्या ताईंनी अमेरिकेत २६ फुटी ट्रॅव्हल ट्रेलर घेतलाय. छतात बारा गोल एलईडी दिवे, सगळे दाराजवळच्या एकाच बटणावर. बटण दाबलं की आत दवाखान्यासारखा पांढराफटक उजेड. मुलं बंकवर (एकावर एक असलेल्या बिछान्यांवर) झोपली की मोठ्यांना एकतर त्या उजेडात बसायचं नाहीतर अंधारात. सासूबाईंना मोतीबिंदूची सुरुवात आहे, त्यांचे डोळे दिपतात, पण झोपण्याआधी त्यांना वाचायचंही असतं. ट्रेलर-दुरुस्तीच्या धंद्यात ही तक्रार माझ्याकडे सतत येते आणि बहुतेक लोक डिमरचं पाकीट हातात घेऊनच येतात.

घरचा डिमर का नको ते आधी उरकतो. घरात एसी वीज असते, तिचा प्रवाह सेकंदाला १२० वेळा शून्यावर येतो, आणि डिमरमधला ट्रायॅक (वीज चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक भाग) बंद व्हायला त्या शून्याचीच वाट पाहतो. ट्रेलरचे छतातले दिवे १२ व्होल्ट डीसीवर चालतात. डीसीत शून्य येतच नाही. त्यामुळे ट्रायॅक एकदा चालू झाला की दिवा पूर्ण पेटलेलाच राहतो, किंवा मुळात पेटतच नाही.

आता उजेड एवढा टोचतो का, ते बघू. इथले बहुतेक ट्रेलर इंडियाना राज्यात एल्कहार्टच्या आसपास बनतात, आणि कारखान्यात एकाच जातीचा दिवा सगळीकडे ठोकणं सोयीचं पडतं. स्वयंपाकाच्या ओट्यावर जो दिवा, तोच बंकच्या डोक्यावर. शोरूममध्ये दिवसाउजेडी गिऱ्हाईक आत शिरतं तेव्हा तो उजेड छान, स्वच्छ वाटतो. रात्री दहा वाजता त्याखाली कुणी बसून पाहिलेलं नसतं. त्यात रंग थंड, ४००० ते ६००० केल्विनचा (केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगाचं माप; आकडा जितका मोठा तितका उजेड पांढरा-निळसर). छत पांढरं आणि गुळगुळीत. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे अंतर. घरी पलंगावर आडवं पडलात तर छतातला दिवा डोळ्यांपासून सात-आठ फुटांवर असतो. वरच्या बंकवर तोच दिवा दोन फुटांवर येतो. अंतर चौथ्या हिश्शावर आलं की डोळ्यावर पडणारा उजेड साधारण सोळापट होतो. डिमरने तो अर्धा केलात तरी आठपट उरतोच. म्हणून मी आधी दिव्यांची संख्या आणि रंग बघतो, मग जागा, आणि या तिन्हींतून काम झालं नाही तरच डिमर.

पहिली पायरी फुकट आहे. रात्री ट्रेलरमध्ये बसा आणि बारातले कुठले दिवे तुम्हाला खरंच लागतात ते ठरवा. काही गोल दिव्यांना स्वतःचं छोटं बटण असतं, ते असेल तर प्रश्नच मिटला. नसेल तर नको असलेला दिवा सुटा करायचा. हे दिवे एकमेकांना समांतर जोडलेले असतात, त्यामुळे एक काढला म्हणून बाकीचे विझत नाहीत. मात्र एक गोष्ट सांभाळा: पुढच्या दिव्याकडे जाणारी वायर बरेचदा याच दिव्याच्या मागच्या जोडातून जाते. जोड तसाच ठेवायचा आणि त्यातून फक्त दिव्याच्या दोन बारीक वायरी वेगळ्या करायच्या.

दिवा उतरवण्याआधी वीज तोडायची, आणि इथे लोक अर्धवट काम करतात. कॅम्पग्राउंडवर ट्रेलरला वीज देणाऱ्या खांबाचा प्लग काढला तरी बॅटरी दिव्यांना वीज देतच राहते. बॅटरीचा खटका बंद केला आणि प्लग तसाच ठेवला, तर कन्व्हर्टर (खांबाची एसी वीज १२ व्होल्ट डीसी करणारं यंत्र) देत राहतो. वर सोलर पॅनेल असेल तर तो तिसरा. तिन्ही तोडा, मग मल्टिमीटर लावून शून्य आल्याची खात्री करा. १२ व्होल्टचा शॉक बसत नाही हे खरं, पण उघडी पॉझिटिव्ह वायर ॲल्युमिनियमच्या चौकटीला टेकली की फ्यूज उडतो आणि मग कुठला उडाला ते शोधत बसायचं. वायरींच्या रंगाबद्दलही सांगतो. मोटारीत काळी वायर निगेटिव्ह असते; ट्रेलरच्या आत बहुधा पांढरी निगेटिव्ह आणि काळी किंवा लाल पॉझिटिव्ह. शिवाय ट्रेलरमधल्या १२० व्होल्टच्या केबलच्या आतही काळी-पांढरीच जोडी असते. ती जाड आवरणात एकत्र येते, म्हणून ओळखता येते. आवरणातली जाड केबल दिसली तर तिला हात लावू नका.

गोल दिव्याची बाहेरची कडा फिरवून किंवा प्लॅस्टिकच्या पातळ पट्टीने उचकटून निघते. स्क्रूड्रायव्हर घालू नका, छताच्या पातळ पॅनेलवर खड्डा पडतो आणि तो कायम दिसत राहतो. कडेखाली दोन स्क्रू, ते काढले की दिवा दोन वायरींवर लोंबकळतो. मागे लेबल असतं. त्याचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा, पुढे डिमरच्या वेळी लागेल.

आता रंग. माझ्या मते निम्म्या तक्रारी इथेच संपतात. नाटकाच्या प्रकाशयोजनेत काम केलेल्या कुणालाही जिलेटिन पेपर माहीत असेल, दिव्यासमोर लावतात तो रंगीत पारदर्शक कागद. त्यातलीच 'सीटीओ' नावाची नारिंगी जात थंड पांढरा उजेड पिवळसर करण्यासाठी बनवलेली आहे. फुल, हाफ आणि क्वार्टर अशा तीव्रतांत ती मिळते. ली या फिल्टर बनवणाऱ्या कंपनीत फुलचा नंबर २०४, हाफचा २०५ आणि क्वार्टरचा २०६. एका तावात सगळा ट्रेलर होऊन उरतो.

कुठला घ्यायचा याचा हिशोब सोपा आहे. दहा लाखाला दिव्याच्या केल्विनने भागा. जो आकडा येईल त्यात फुलसाठी १५९, हाफसाठी १०९ किंवा क्वार्टरसाठी ६४ मिळवा. आलेल्या बेरजेने पुन्हा दहा लाखाला भागा. तुमचा दिवा ४००० केल्विनचा असेल तर २५० अधिक १०९, म्हणजे ३५९. भागाकार येतो साधारण २८००. जुन्या पिवळ्या बल्बचा रंग हाच. दिवा ६००० चा असेल तर हाफने जेमतेम ३६०० पर्यंत पोचाल, तिथे फुल लावा, म्हणजे ३१०० च्या आसपास येईल. वरून हा कागद उजेडही खातो. हाफमधून सुमारे ७० टक्के उजेड बाहेर येतो, फुलमधून निम्म्याहून थोडा जास्त. रंग आणि तीव्रता दोन्ही एकाच कामात उतरतात, आणि वायरीला हातसुद्धा लावावा लागत नाही.

बसवायचं असं: दिव्याचं दुधी झाकण काढा, ते कागदावर ठेवून पेन्सिलने गोल आखा, आखणीच्या किंचित आतून कापा आणि गोल तुकडा झाकणाच्या आतल्या बाजूला बसवा. चिकटवायची गरज नसते, झाकण दाबलं की तो अडकतो. झाकण पारदर्शक असेल आणि आतले एलईडीचे पिवळे ठिपके वेगवेगळे दिसत असतील, तर सोबत पांढऱ्या डिफ्यूजन कागदाचा एक थर घाला. डोळ्याला टोचतात ते हे ठिपकेच, आणि सासूबाईंना सगळ्यात जास्त त्रास त्यांचाच होत असणार. मोतीबिंदूमध्ये भिंगातच प्रकाश विखुरतो, म्हणून उघडा ठिपका दिसला की डोळ्यांपुढे धुकं येतं. तोच उजेड मोठ्या पृष्ठभागावर पसरवला की सुसह्य होतो.

दोन सावधगिरीच्या गोष्टी. हे सगळं एलईडीसाठीच. ट्रेलर जुना असेल आणि दिव्यात हॅलोजनचा छोटा दोन पिनांचा बल्ब असेल, तर आत कागद, फिल्म, काहीही घालू नका. तो बल्ब हात भाजेल इतका तापतो. दुसरं म्हणजे, फिल्टर फक्त गाळतो. दिव्यात जो रंग मुळातच नाही तो आणू शकत नाही. स्वस्त एलईडीत लाल रंग कमी असतो, त्यामुळे कागद लावूनही टोमॅटोचं सार मातकट आणि माणसं आजारी दिसू शकतात. जेवणाच्या टेबलावर असं वाटलं तर तिथले एक-दोन दिवे सरळ बदलून २७०० किंवा ३००० केल्विनचे आणि ९० च्या वर सीआरआय (उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचं माप) असलेले घ्या. बाराच्या बारा बदलायची गरज नाही.

जुना ट्रेलर असणाऱ्यांना एवढंच सांगतो की तुमचं काम सर्वात सोपं आहे. ९२१ किंवा ११४१ नंबरचे बल्ब असतील तर त्याच बैठकीचे उबदार रंगाचे एलईडी बल्ब मिळतात. पॅकेटवर ल्यूमेन बघून कमी ल्यूमेनचे घ्या. 'सुपर ब्राइट' असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं, ते घेऊ नका. ९२१ चा बल्ब लावल्यावर पेटला नाही तर उलटा करून लावा; डीसीत एलईडीला दिशा असते.

आता उजेडाची जागा. छतातून खाली पडणारा उजेड कितीही कमी केला तरी वर बघणाऱ्याच्या, म्हणजे आडव्या पडलेल्या माणसाच्या डोळ्यांत तो जाणारच. म्हणून संध्याकाळनंतर छतातले दिवे बंदच ठेवायचे आणि बसण्यापुरता उजेड वेगळा करायचा. वरच्या कपाटांच्या माथ्यावर, समोरून दिसणार नाही अशी, १२ व्होल्टची उबदार एलईडी पट्टी लावा. उजेड छतावर आपटून खाली येतो आणि दिवा कुठे आहे ते कळतच नाही. पट्टी नुसती गोंदावर सोडू नका. उन्हात उभ्या ट्रेलरमध्ये कपाटावरची हवा चांगलीच तापते, गोंद सुटतो आणि एक दिवस पट्टी तोरणासारखी खाली लोंबते. दुधी झाकणाची ॲल्युमिनियमची पन्हळ मिळते, तीत बसवा. आणखी एक: '१२ व्होल्ट'ची पट्टी ट्रेलरमध्ये नेमक्या १२ वर कधीच चालत नाही. खांबाच्या विजेवर असताना साधारण १३.६, आणि कन्व्हर्टर बॅटरी जोरात भरत असेल तेव्हा १४.४ पर्यंत व्होल्टेज जातं. स्वस्त पट्टी त्यावर तापून लवकर पिवळी पडते. पट्टीला मात्र डिमर सुरुवातीपासूनच लावा, आणि तो कधीच पूर्ण उघडू नका.

सासूबाईंच्या वाचनाला उलट जास्त उजेड लागेल, हे विसरू नका. साठीनंतर वाचायला तरुण डोळ्यांपेक्षा बराच जास्त प्रकाश लागतो. तो फक्त पानावर पडला पाहिजे. बिछान्याशेजारी मान वळवता येणारा, स्वतःचं बटण असलेला वाचनदिवा लावा, खांद्याच्या मागून पुस्तकावर पडेल असा. बाकी ट्रेलर मंद ठेवून एवढाच कोपरा उजळ केला की दोघींचंही भागतं, तुमचं आणि त्यांचं. बंकपाशी मुलांसाठी रात्रीचा दिवा हवा असेल तर पिवळा-नारिंगी घ्या आणि तो पायाच्या उंचीवर बसवा. झोपेचं घड्याळ हलवणाऱ्या डोळ्यांतल्या पेशी ४८० नॅनोमीटरच्या आसपासच्या निळ्या प्रकाशाला सर्वाधिक दाद देतात. नारिंगीत तो जवळजवळ नसतो.

एवढं करूनही छतातल्या दिव्यांना डिमर हवाच असेल, तर नीट निवडा, कारण पैसे इथेच वाया जातात.

सगळ्यात आधी तुमचे दिवे डिम होणारे आहेत का ते बघा. लेबलाचा काढून ठेवलेला तो फोटो उघडा. नुसतं '१२ व्होल्ट' लिहिलं असेल तर आत बहुधा साधे रेझिस्टर आहेत. '१० ते ३० व्होल्ट' असं असेल तर आत करंट स्थिर ठेवणारा ड्रायव्हर आहे. लेबल नसेल तर आणखी एक युक्ती: दिवा चालू ठेवून कुणाला तरी खांबाचा प्लग काढायला सांगा. बॅटरीवर येताच उजेड जरा उतरला, तर रेझिस्टरवाला. तसूभरही फरक पडला नाही, तर ड्रायव्हरवाला. झाकण काढून गोल बोर्डावर पाहिलंत तरी कळतं. फक्त तांदळाच्या दाण्याहून लहान, आकडे छापलेले काळे चौकोन दिसले तर ते रेझिस्टर. सोबत एक ठेंगणी करडी वडी आणि बारीक पायांची चिप दिसली, तर तो ड्रायव्हर. रेझिस्टरवाले दिवे पीडब्ल्यूएम डिमरवर (वीज फार वेगाने चालू-बंद करून उजेड कमी करणाऱ्या डिमरवर) सुरेख मंद होतात. ड्रायव्हरवाले काही चालतात, काही थरथरतात, काही निम्म्यावर आले की अचानक विझतात. तुमच्याकडे यातले असतील तर डिमर घेऊन आधी एकाच दिव्याला बाहेर टेबलावर जोडून पाहा.

दोन दिवे एकामागून एक जोडले की उजेड निम्मा होतो, असाही सल्ला फिरत असतो. या दिव्यांत बहुधा तीन-तीन एलईडी एका रांगेत असतात आणि त्यांना पेटायलाच आठ-नऊ व्होल्ट लागतात. प्रत्येक दिव्याच्या वाट्याला साडेसहा आले की दोन्ही बंद राहतील.

मग डिमरची जात. बाजारातले एलईडी पट्टीचे बरेचसे स्वस्त डिमर पॉझिटिव्ह सरळ पुढे सोडतात आणि निगेटिव्हची चालू-बंद करतात. ट्रेलरमध्ये सगळ्या दिव्यांची निगेटिव्ह एकत्र असते, कधी चौकटीलाही जोडलेली असते. दिव्याला डिमर टाळून परत जायची वाट सापडते आणि तो पूर्ण पेटलेलाच राहतो. तुम्हाला पॉझिटिव्ह तोडणारा डिमर हवा. ओळखायचं कसं? डिमर कशालाही न जोडता मल्टिमीटर बीपवर ठेवा आणि त्याच्या आत येणाऱ्या व बाहेर जाणाऱ्या निगेटिव्हला टोकं लावा. सलग बीप आला तर निगेटिव्ह आरपार आहे, म्हणजे हवा तो डिमर. बीप पॉझिटिव्हच्या जोडीत आला तर परत करा.

बसवायची जागा म्हणून सगळे दाराजवळच्या बटणाकडे बघतात. त्या बटणाच्या मागे मात्र बहुतेक वेळा पॉझिटिव्हच येते आणि पॉझिटिव्हच जाते. निगेटिव्ह तिथे नसतेच. इलेक्ट्रॉनिक डिमरला स्वतः चालायला निगेटिव्ह लागते. त्यामुळे एक वायर तिथवर ओढावी लागेल, किंवा जवळच्या एखाद्या उपकरणातून घ्यावी लागेल. भिंतीत ड्रिल मारण्यापूर्वी बटण बाहेर काढून आत नक्की किती वायरी आहेत ते बघा.

क्षमतेचा हिशोब असा: बारा दिवे, प्रत्येकी तीन वॉट धरले तर ३६ वॉट, म्हणजे सुमारे तीन अँपिअर. डिमर किमान पाच-सहा अँपिअरचा घ्या आणि त्याच्या आधी स्वतंत्र पाच अँपिअरचा फ्यूज टाका. पॅनेलमधला १५ अँपिअरचा फ्यूज वायर जळू नये म्हणून असतो. डिमर जळताना तो स्वस्थ बसून राहील. त्याच फ्यूजवर पाण्याचा पंप किंवा छतातला पंखा नाही ना, हेही तपासा. डिमर दिव्यांच्या शाखेवरच बसला पाहिजे. पंखा पीडब्ल्यूएमवर चालवलात तर कुईकुई आवाज करेल आणि तापेल.

शेवटची चाचणी मोबाईलच्या कॅमेऱ्याने. दिवे अर्ध्यावर आणून कॅमेरा धरा. पडद्यावर जाड काळे पट्टे सरकताना दिसले तर डिमरची वारंवारता कमी आहे. अर्धशिशीवाल्यांना त्याचा त्रास होऊ शकतो. टीव्हीच्या अँटेनावर किंवा रेडिओवर खरखर वाढली तरी दोषी तोच. असा डिमर ठेवू नका.

तुमच्या ट्रेलरमध्ये साध्या बटणाऐवजी टच पॅनेल असेल तर यातलं काहीच करू नका. आधी दिव्याचं चिन्ह दाबून धरून बघा. अनेक पॅनेलमध्ये डिमर आधीच असतो आणि मालकाला कुणी सांगितलेलंच नसतं. अशा पॅनेलच्या पुढे दुसरा डिमर लावला तर दोन्हींची भांडणं होतात. वॉरंटी चालू असेल तर वायर तोडण्याआधी डीलरला लेखी विचारा. जिलेटिनला कुणाची परवानगी लागत नाही. पुण्या-मुंबईकडे कॅम्पर बांधून घेणारे वाचत असतील तर त्यांनी गाडी १२ व्होल्टची की २४ ची हे आधी विचारावं, मोठ्या बसच्या चेसिसवर २४ असू शकतं. आणि बांधतानाच दिवे तीन बटणांवर विभागून घ्यावेत. तेव्हा तो खर्च फक्त वायरीचा असतो.

राहिले रात्री भुतासारखे चमकणारे निळे ठिपके: स्टिरिओचं घड्याळ, टाक्यांचं पॅनेल, यूएसबीची भोकं. त्यांवर काळी चिकटपट्टी खुशाल लावा. फक्त जमिनीलगतच्या गॅस आणि कार्बन मोनॉक्साइडच्या अलार्मवर काहीही चिकटवू नका, त्याचा हिरवा दिवा कितीही खुपला तरी. तिथे बिछान्याची उशी दुसऱ्या टोकाला घ्या.